रेकॉर्डवर नाव भुताचं

परवा रात्री साडेबारा वाजता मी आमच्या किचनमध्ये ओट्याला टेकून उभा होतो, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून तो हॉलमधल्या टीपॉयवर ठेवला होता, आणि 'खामोश है ज़माना' म्हणत म्हणत एकेक पाऊल टीपॉयकडे टाकत होतो. आतून बायकोचा आवाज आला, "काय चाललंय काय तुझं?" म्हटलं, प्रयोग. ती म्हणाली, "शेजारचे काका उठले तर खरा प्रयोग होईल."

तर हा प्रयोग 'महल'चा. १९४९ चा, कमाल अमरोहींचा, अशोककुमार आणि मधुबालाचा महल. आमच्या घरी या पिक्चरशी नातं जरा वेगळंच होतं, कारण माझी आजी त्यातलं 'आएगा आनेवाला' हे गाणं तिन्हीसांजेला लावू द्यायची नाही. रेडिओवर ते घड्याळाचे ठोके आणि मागून तो आवाज सुरू झाला रे झाला की ती देवापुढच्या निरांजनात तेल घालता घालता ओरडायची, "बंद कर ते, दिवेलागणीला असलं लावू नये." असलं म्हणजे कसलं ते तिने कधी सांगितलं नाही. त्यामुळे मी चांगला आठवी-नववीत जाईपर्यंत समजत होतो की हे गाणं खरंच कुठल्यातरी भुताने म्हटलंय आणि ते कोणीतरी चोरून रेकॉर्ड केलंय. गंमत म्हणजे मी फार चुकलो नव्हतो, ते कसं ते पुढे सांगतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलाहाबादला यमुनेच्या काठावर संगम भवन नावाची एक ओसाड हवेली, ती हरिशंकर म्हणजे अशोककुमारच्या घरचे विकत घेतात. म्हातारा माळी गोष्ट सांगतो की ज्याने ही हवेली बांधली तो रोज मध्यरात्री नावेतून आपल्या कामिनीकडे यायचा, एका रात्री नाव बुडाली, मी परत येईन म्हणून सांगून गेला, पाठोपाठ तीही गेली. आणि भिंतीवर त्या माणसाची तसबीर, जी हुबेहूब हरिशंकरसारखी. रात्री दोनचे ठोके पडतात आणि गाणं ऐकू येतं. झोपाळ्यावर एक बाई दिसते, जवळ गेलं की नाही. पुढे काय होतं ते सांगतो, पंच्याहत्तर वर्षं होऊन गेलीयेत, आता स्पॉयलर म्हणून माझ्या नावाने ओरडू नका: भूतबित काही नसतं, ती माळ्याची पोरगी आशा असते. पण गंमत अशी की हे कळूनसुद्धा दुसऱ्यांदा बघताना भीती तेवढीच वाटते. मी चार वेळा पाहिलाय, मधला तो जंगलातल्या वस्तीवरचा भाग प्रत्येक वेळी पुढे ढकललाय (खरंच सहन होत नाही तो), पण ते गाणं कधीच ढकललं नाही.

का, ते शोधताना मला हा माईकचा किस्सा मिळाला. लताबाईंनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलेला आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश यांना गाण्याची सुरुवात लांबून आल्यासारखी हवी होती, म्हणजे आधी आवाज हवेलीच्या कुठल्यातरी टोकातून यावा आणि हळूहळू कानाशी येऊन थांबावा. आज हे काम लॅपटॉपवर बसलेला पोरगा चहा पिता पिता करेल, इको लावेल, व्हॉल्यूम चढवेल, झालं. तेव्हा ती सोय नव्हती. मग त्यांनी काय केलं, तर माईक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाईंना पार कोपऱ्यात उभं केलं, आणि सांगितलं की गात गात माईककडे चालत ये. सुरुवातीचा तो ठेक्याशिवायचा भाग संपून 'आएगा' हा शब्द येईल तेव्हा बरोब्बर माईकपाशी पोचायचं. पाऊल लवकर पडलं तर सुरुवातीचा भाग संपायच्या आधीच माईक येतो, उशीर झाला तर मुखडाच लांबून येतो. बऱ्याच तालमी लागल्या म्हणे. लागणारच!

लताबाईंचं वय काय होतं तर एकोणीस-वीस. सप्टेंबर १९२९ चा जन्म, पिक्चर आला ऑक्टोबर १९४९ ला. मधुबाला तर सोळाची होती, फेब्रुवारी १९३३ चा जन्म. म्हणजे ज्या भुताने आख्ख्या देशाला घाबरवलं ते भूत दोन पोरींनी मिळून केलेलं होतं, एकीचा चेहरा आणि एकीचा गळा.

माझा प्रयोग सपशेल फसला, पण का फसला ते ऐकण्यासारखं आहे. रेकॉर्डिंग ऐकलं तर सुरुवात आणि शेवट जवळजवळ सारखाच! मोबाईल स्वतःहून आवाज सारखा करतो ना, लांबचा बारीक असेल तर वाढवतो, जवळचा मोठा असेल तर दाबतो, त्यामुळे मी किचनमध्येही टीपॉयवर बसल्यासारखाच गात होतो. आणि मी लांब असताना फोनने माझ्या आवाजाबरोबर फ्रीजची घरघरही वाढवली, शिवाय माझ्या स्लीपरची फटक फटक. म्हणजे माझ्या हातातल्या मशीनने नेमकं अंतरच खाऊन टाकलं, आणि त्या मालाडच्या स्टुडिओतल्या माईकने ते जसंच्या तसं ठेवलं. लांब असताना नुसता आवाज बारीक होत नाही, तर खोलीच्या भिंतींचा आवाज त्यात जास्त मिसळतो आणि जवळ येताना तो गळत जातो, हे कानाला कळतं, डोक्याला कळायच्या आधी. ती बाई खोलीत आली हे आपल्याला दिसत नाही, ऐकू येतं. आजीला तिन्हीसांजेला नको असलेली गोष्ट बहुतेक हीच.

आता ते भुताने गायलंय हे मी चुकलो नव्हतो असं का म्हटलं ते. गाण्याची रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव लता मंगेशकर नव्हतंच, नाव होतं कामिनी! त्या काळात रेकॉर्डवर प्लेबॅक गाणाऱ्याऐवजी पिक्चरमधल्या पात्राचं नाव छापायची पद्धत होती, म्हणून पात्र कामिनी तर गायिका कामिनी. आणि कामिनी तर कथेत मेलेली. म्हणजे अधिकृतरीत्या, छापील लेबलवर, हे गाणं एका मेलेल्या बाईने गायलेलं होतं. गाणं रेडिओवर लागायला लागलं तशी लोकांची विचारणा सुरू झाली की ही कामिनी कोण, आणि शेवटी रेडिओवाल्यांना रेकॉर्ड कंपनीकडून खरं नाव मागवून ते सांगावं लागलं. मला हा सगळा प्रकार पिक्चरपेक्षा जास्त आवडतो. पिक्चरमध्ये अशोककुमार हवेलीभर विचारत फिरतो की गातंय कोण, आणि पिक्चरबाहेर पब्लिक तेच विचारत होतं.

हे सगळं जिथे झालं ती बॉम्बे टॉकीज मालाडची. हिमांशु राय आणि देविका राणीने १९३४ ला काढलेला स्टुडिओ, महलच्या वेळी कारभार अशोककुमार आणि सावक वाच्छांकडे होता. मी एकदा मुद्दाम शोधत गेलोय. मालाड वेस्टला उतरून रिक्षावाल्याला बॉम्बे टॉकीज म्हटलं तर तो न विचारता घेऊन गेला, मला वाटलं वा, लोकांना अजून माहितीये, पण तो घेऊन गेला ते गाळ्यांच्या कंपाउंडमध्ये. पत्रे, वेल्डिंगच्या ठिणग्या, टेम्पो रिव्हर्स घेतोय आणि मागे एक पोरगा गाडीवर हात आपटत "आन दो, आन दो" करतोय. मधेच एक जुनी पडकी भिंत, तिच्यावर उगवलेला पिंपळ. मी भिंतीचा फोटो काढला तर टेम्पोवाला म्हणाला, "जागा बघताय का? भाड्याने?"

आणि याच मालाडच्या वाटेवरचा लताबाईंचा दुसरा किस्सा, महलच्या जरा आधीचा, तोही खेमचंद प्रकाशांच्याच रेकॉर्डिंगचा, 'ज़िद्दी'च्या वेळचा. लताबाई तेव्हा ग्रँट रोडला लोकल पकडायच्या. डब्यात एक पोरगा चढला, कुर्ता-पायजमा, गळ्यात मफलर, हातात काठी. ती मालाडला उतरली, तोही उतरला. तिने टांगा केला, त्यानेही टांगा केला आणि तिच्या मागोमाग थेट स्टुडिओत. ती घाबरून खेमचंदजींकडे गेली की हा मुलगा माझा पाठलाग करतोय, तर ते हसत म्हणाले, अगं हा किशोर, अशोककुमारचा भाऊ. भुतापेक्षा मला हा सीन जास्त थ्रिलर वाटतो, कारण एकट्याने लोकलने कामाला जाणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, हा तिला तोंडपाठ असतो. फक्त शेवटी किशोरकुमार निघत नाही.

आवाजाचं फार झालं, पण हवेली जी दिसते त्याचं श्रेय एका जर्मन माणसाला आहे. योझेफ विर्शिंग, म्युनिकचा कॅमेरामन. हिमांशु रायबरोबर इकडे आला, 'अछूत कन्या' वगैरे शूट केले, आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं. युद्ध संपल्यावर हा गडी परत जाऊन बसला नाही, पुन्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि महल केला. महलमध्ये बघा, उजेड कमी आणि सावल्या जास्त, माणूस जिना चढतो त्याआधी त्याची सावली चढलेली असते, आणि मधुबालाच्या चेहऱ्यावर एवढाच प्रकाश की आहे की नाही असं वाटावं. पुढे अमरोहींनी 'पाकीज़ा' पण त्यालाच दिला, पण तो १९६७ ला मुंबईतच गेला आणि पाकीज़ा यायला १९७२ उजाडलं. एखाद्या अमरोहींच्या पिक्चरला किती वर्षं लागू शकतात याचा हा एक वेगळाच चॅप्टर आहे, तो परत कधीतरी.

कथा कुठून आली याचंही एक भूत आहे. अशोककुमार सांगायचे की एका थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यात उतरलेले असताना रात्री एक बाई आली, गाडी बंद पडलीये म्हणून मदत मागत होती, नंतर बघतात तर गाडीत प्रेत. सकाळी नोकर म्हणाले, साहेब तुम्हाला स्वप्न पडलं, आणि चौकशी केल्यावर कळलं की असाच खून तिथे बऱ्याच वर्षांपूर्वी झालेला होता. ही गोष्ट अमरोहींच्या कानावर गेली आणि त्यातून महलचं बीज पडलं असं म्हणतात. किती खरं ते दादामुनींनाच, म्हणजे अशोककुमारनाच ठाऊक. माझा स्वतःचा विश्वास बसत नाही, पण पिक्चरच्या प्रोड्युसरने पिक्चरपेक्षा भारी भुताची गोष्ट सांगायची ही आयडिया मात्र मानली.

खेमचंद प्रकाशांचं मात्र वाईट वाटतं. मूळचे राजस्थानातले सुजानगढचे, 'तानसेन'चं संगीत त्यांचं, नौशाद एके काळी त्यांच्या हाताखाली होते. महल आला ऑक्टोबर १९४९ ला आणि ऑगस्ट १९५० ला ते गेले. दहा महिने. गाणाऱ्या पोरीचं पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही.

काल रात्री मी फोनच्या सेटिंगमध्ये खुडबुड करून तो आवाज सारखा करणारा प्रकार बंद केला, फ्रीजचं बटण काढलं आणि पुन्हा किचनमध्ये जाऊन उभा राहिलो. या वेळी खरंच लांबून आल्यासारखं आलं, अगदी लता नाही पण कोणीतरी येतंय एवढं तरी. बायकोला उठवून ऐकवलं. तिने डोळे न उघडता पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "स्लीपर वाजतायत तुझ्या. लताबाई रेकॉर्डिंगला चपला काढून गायच्या. आणि फ्रीज चालू कर, दूध आहे आत."