चहातली साखर आणि माहेरचा गूळ

रक्तातली साखर वाढली की घरात पहिली चर्चा भाताची होते. मग बटाट्याची, मग चपाती की भाकरी याची. आमच्याकडेही तेच झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र ताटाचं नावच काढलं नाही. "दिवसभरात पिता काय काय?" एवढंच विचारलं आणि वहीच्या एका पानावर फक्त पेयं लिहून घेतली.

माझा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.९ आला होता. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू केलं आणि दिवसाचे कार्ब, म्हणजे कर्बोदकं, १३० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणाले. हे किटो नव्हे. किटोत ते २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणतात, आणि नोकरी, स्वयंपाक, पाहुणेरावळे सांभाळून वर्षानुवर्षं ते निभेल असं मला वाटलं नाही. १३० मात्र जमण्यासारखं होतं.

बाईंनी त्या पानावर चहाचा हिशोब मांडला. कोल्हापूरकडचा चहा म्हणजे कपाला दोन चमचे साखर, जवळजवळ दहा ग्रॅम. त्यात निम्मं दूध, त्यातली दुग्धशर्करा अडीच ग्रॅम. असे पाच कप धरले तरी साठ ग्रॅमच्या वर जातात. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कार्ब असतात. म्हणजे पावणेदोन भाकरीएवढे कार्ब नुसत्या चहातून, आणि वर भूक आहे तिथेच. भाकरीला निदान चावायला लागतं, तिच्यात तंतू असतात, सोबत भाजी असते. पाण्यात विरघळलेली साखर झपाट्याने रक्तात जाते. तेव्हाच मी ठरवलं की भाकरीत काटछाट करायची नाही, आधी कप बघायचा. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

खरी अडचण गुळाची होती. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, भावाचं गुऱ्हाळ आहे. हंगामात काहिलीतला रस उकळायला लागला की त्यात भेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि एका क्षणी काहील उतरवायला सांगतो. तिथल्या ऊन गुळाचा वास मला जगातल्या कुठल्याही मिठाईपेक्षा प्रिय आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण रक्ताला हे काही कळत नाही. शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या वर कार्ब असतात आणि त्यातला मोठा भाग तीच उसाची साखर. लोह, पोटॅशियम असतं, खरं आहे. पण चहातल्या दहा ग्रॅम गुळातून ते मिळून मिळून किती मिळणार? काकवीत पाणी जास्त म्हणून आकडा थोडा उतरतो. मध ८० च्या आसपास.

भाऊ म्हणाला, "आक्का, ही साखर न्हवं, गूळ हाय. त्यानं काय हुतंय?" वाद घालत बसण्यापेक्षा मी घरी ग्लुकोमीटरवर बघायचं ठरवलं. सकाळी उपाशीपोटी १२६. गुळाचा चहा घेतल्यावर तासाभराने १६८. दुसऱ्या सकाळी तेवढ्याच दुधाचा, पण बिनगोडाचा चहा घेतला. सुरुवातीचा आकडा तोच होता, तासाभराने १३५ भरला. हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे, पण माझ्या शरीराचं उत्तर मला मिळालं, आणि वही दाखवल्यावर भावालाही. आता मी गेले की वहिनी गूळ-पाण्याऐवजी भाजक्या शेंगा आणि ताक पुढे करते.

साखर-गूळ दोन्ही बाजूला ठेवल्यावर पर्यायी गोडीकडे वळले. दुकानात बरण्या, पुड्या, गोळ्या, थेंबांच्या बाटल्या, आणि सगळ्यांवर हिरवी पानं नाहीतर हसरी माणसं. पुढची बाजू वाचायचीच नाही, डबा उलटा करायचा, हे मी बाईंकडून शिकले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एका चमच्याने घ्यायच्या पावडरीवर पुढे मोठ्या अक्षरात गोडीचं नाव होतं, मागे मात्र पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन. ते स्टार्चपासून करतात आणि रक्तातली साखर ते साध्या साखरेपेक्षाही वेगाने चढवतं. सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा साखरेच्या सहाशे पट गोड; चिमटीत मावणार नाही इतकं लागतं, म्हणून चमचा भरायला काहीतरी भर घालावी लागते. एका पुडीत ती भर ग्रॅमभरही नसते, त्याने आकाश कोसळत नाही. पण प्रत्येक कपाला दोन पुड्या फोडणाऱ्याने ती हिशोबात धरायला हवी. गोळ्या आणि थेंबांत ही भर अगदीच थोडी, नाहीतर नसतेच.

पोषणाच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट बघायची. निव्वळ एरिथ्रिटॉल या पर्यायी गोडव्याच्या पाकिटावरही कार्ब शंभरच्या जवळपास लिहिलेले दिसतात आणि माणूस घाबरून ते परत ठेवतो. तिथे ऊर्जेची ओळ वाचायची. माल्टोडेक्स्ट्रिनची पावडर शंभर ग्रॅमला ३८०-३९० कॅलरी दाखवते, एरिथ्रिटॉल वीसच्या आसपास किंवा शून्य. कारण एरिथ्रिटॉल बहुतेक सगळं रक्तात शोषलं जातं आणि न वापरता लघवीवाटे बाहेर पडतं. नावाऐवजी नुसते क्रमांक छापलेले असले तर तेही आता माझ्या ओळखीचे झालेत: ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ९६८ एरिथ्रिटॉल आणि ९६५ माल्टिटॉल. या शेवटच्यापासून जपून राहावं. 'शुगर फ्री' चॉकलेट आणि मिठायांत ते हमखास सापडतं. साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर ते चढवतंच, आणि जास्त झालं तर पोट बिघडवतं. 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेल्या खजुराच्या बर्फीबद्दल तर बोलायलाच नको. सुक्या खजुरात मुळातच पाऊण हिस्सा कार्ब असतात.

चवीचं सांगते. स्टीव्हिया कोऱ्या चहात आणि लिंबूपाण्यात मागाहून कडवट लागते, ज्येष्ठमध चघळल्यावर राहते तशी चव. आलं ठेचून घातलेल्या दुधाच्या चहात ती बरीच लपते. अ‍ॅस्पार्टेम उकळलं की त्याची गोडी मोडते, म्हणून ते कप खाली उतरवल्यावरच टाकायचं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांना ते मुळीच चालत नाही. सुक्रालोज चहाला सोयीचं. भट्टीत तापवायच्या पदार्थात मी ते वापरत नाही, कारण १२० अंशांच्या वर तापवल्यास त्यातून हानिकारक क्लोरिनयुक्त पदार्थ तयार होऊ शकतात असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये दिला आहे. एरिथ्रिटॉल साखरेच्या सत्तर टक्के गोड आणि जिभेला गार लागतं. गरम चहात तो गारवा मला आवडला नाही, पण श्रीखंडात छान जमला. एकच करायचं, ते मिक्सरमधून पिठासारखं दळून मगच चक्क्यात फेसायचं, नाहीतर दाताखाली कचकचतं. पुरणाला मात्र यातलं काहीही चालत नाही. गुळाशिवाय पुरण शिजतं, पुरणपोळी होत नाही. वर्षातून होळीला मी खऱ्या गुळाची अर्धी पोळी तूप घालून खाते आणि त्या दिवशी भात सोडते.

सुरक्षिततेबद्दल मैत्रिणी नेहमी विचारतात. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगाचं 'संभाव्य' कारण या वर्गात टाकलं, ती बातमी सगळीकडे फिरली. त्याच वेळी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, हे फार कमी ठिकाणी छापून आलं. साठ किलोच्या माणसाला ते २४०० मिलिग्रॅम होतात; चहाच्या गोळ्यांनी तिथवर कोणी पोचत नाही. एरिथ्रिटॉलचं रक्तातलं प्रमाण जास्त असणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसले, असा अमेरिकेतला अभ्यासही २०२३ चाच. त्यातून थेट कारण सिद्ध झालेलं नाही, पण माझ्या घरात हृदयविकार आहे, म्हणून मी ते सणापुरतंच ठेवलं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोडवे वापरू नयेत. ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. तरी तिच्यामागचा विचार मला पटला: गोडाची सवय तशीच ठेवून फक्त डबा बदलला, तर काम अर्धवट राहतं.

म्हणून मी चहातली गोडी उतरवत नेली. दोन चमच्यांचा दीड, दीडचा एक, मग अर्धा. प्रत्येक पायरीवर जीभ रुळेपर्यंत थांबले. मधल्या काळात स्टीव्हियाचे थेंब आधाराला होते, मग तेही कमी केले. आता बिनसाखरेच्या चहात मला दुधाचीच गोडी लागते, आणि गवती चहा, आलं, वेलची यांचे वास वेगवेगळे कळतात. दुसऱ्याकडचा साधा चहा पाकासारखा वाटतो.

चहाव्यतिरिक्तच्या पेयांत आपल्याकडे इतकं चांगलं आहे की बाटल्यांकडे जायची गरजच नाही. पातळ ताक, जिरेपूड, हिंग, कोथिंबीर: पेल्यात दोन-तीन ग्रॅम कार्ब. त्याच दह्याची गोड लस्सी वेगळीच गोष्ट. कोकमाचंही तसंच. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, त्यात साखर नसते. अमृत कोकम साखरेत मुरवलेलं. सोलकढी आगळाची करा आणि पोटभर प्या. तांबडा-पांढरा रस्सा तर आमचा हक्काचा. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, मसाला. वाटीवर वाटी प्यायलं तरी भाताच्या एका मुदीएवढे कार्ब होत नाहीत, फक्त तो भातावर ओतायचा नाही. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध मला सोडवत नाही. तीनशे मिलिलिटरचा पेला म्हणजे पंधरा ग्रॅम दुग्धशर्करा, त्यामुळे त्या संध्याकाळची भाकरी अर्धी.

'नैसर्गिक' म्हणून जी पेयं समोर येतात तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात तीस ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे कोलाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीएवढीच. नीरेत दहा टक्क्यांच्या आसपास साखर. शहाळं त्या मानाने सौम्य, एका शहाळ्यात दहाएक ग्रॅम. उन्हातून आल्यावर मी ते अर्धं पिते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींना मुलांच्या वाढीचं पेय म्हणून आपण वर्षानुवर्षं विकत घेतलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' वर्गातून काढायला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, त्याचा मला मनापासून आनंद झाला.

लोकांच्या घरी जाणं सगळ्यात अवघड. चहा पातेल्यातच साखर घालून उकळलेला असतो आणि "बिनसाखरेचा" म्हटलं की घरच्या बाईची धावपळ होते. मी दारातच सांगते, "वहिनी, माझा कोरा टाका, लिंबू पिळून." कोऱ्या चहाला दूध मोजायला नको, आणि दूध-साखर पडायच्या आधीच कप काढून घेतला की पातेलं वेगळं लागत नाही. हळदीकुंकवाला मसाला दूध आलं तर वाण घेते, दूध सुनेला देते. सुरुवातीला लोकांनी आग्रह केला, आता करत नाहीत.

पुढच्या तपासणीत माझा एचबीएवनसी ६.१ आला. औषध, चालणं आणि आहार या तिन्हींचा तो परिणाम आहे.

एक गोष्ट मात्र कार्ब कमी करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी माहीत असायला हवी. माझ्या यजमानांना ग्लिमेपिराइड आहे. ते औषध इन्सुलिन वाढवतं, त्यामुळे कार्ब कमी केले आणि गोळी तेवढीच ठेवली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तेच. डॅपाग्लिफ्लोझिनसारखं मधुमेहाचं औषध असेल तर किटो परस्पर सुरूच करू नये, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्लता वाढू शकते. डॉक्टरांनी यजमानांच्या गोळीचा डोस आधी कमी केला, मगच आम्ही त्यांच्या चहाला हात लावला. आणि साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर स्टीव्हिया किंवा सुक्रालोजचा काडीचाही उपयोग नाही. तेव्हा खरी साखरच लागते: तीन चमचे, पाण्यात विरघळवून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आमच्या फडताळात गोडव्यांच्या शेजारी साखरेची छोटी बरणी त्यासाठीच ठेवली आहे, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी.