वॉलपेपर: एक संध्याकाळ, एक भिंत

वॉलपेपर कसा निवडायचा आणि कसा चिकटवायचा, हे दाखवणारी एक मोफत संध्याकाळ आम्ही ठेवतो. लोक येतात डिझाइनचे कॅटलॉग चाळायला, आणि मी त्यांना आधी भिंतीपाशी उभं करतो. दिवे मालवून टॉर्च भिंतीला टेकवून धरला की उजेड आडवा सरकतो आणि पुट्टीचे उंचवटे, खिळ्यांची भोकं, पॅच मारलेल्या जागा सगळं उघडं पडतं. अशा भिंतीला चकचकीत किंवा धातूची झाक असलेला पेपर नकोच, प्रत्येक उंचवटा त्यात चमकतो. जाडसर, उठावाचा, मॅट पेपर मात्र बरंच पोटात घालतो. म्हणजे निम्मी निवड इथेच होते.

मग ओल. जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवायचा. त्याच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ओल आतून येते आहे आणि ती आधी काढावी लागणार. व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला पेपर तर बाष्प बाहेर जाऊच देत नाही. पाणी मागे कोंडतं आणि काही काळाने बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात.

जुन्या रंगावर ओला स्पंज फिरवा. पांढरी पूड हाताला लागली तर तो साधा डिस्टेंपर. पेपर चिकटवायची खळ त्या रंगाला घट्ट धरते, पण रंगच भिंतीला सोडतो. वाळताना पेपर आकसला की पापुद्र्यासकट खाली येतो आणि दोष खळीला दिला जातो. हा रंग खरवडून, धुऊन काढायचा, पुट्टी भरायची, १२० ते १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, धूळ पुसायची आणि प्रायमर मारायचा. ऑइल पेंट असेल तर घासून चमक घालवायची. प्रायमरमुळे भिंत खळीतलं पाणी एकदम शोषत नाही, त्यामुळे पेपरची पट्टी सरकवून जागेवर आणता येते. आमच्या भिंतीला तो आधीच लावून वाळवलेला असतो, नाहीतर संध्याकाळ त्यातच संपेल.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो रोलच्या हिशोबात, आणि जायलाच हवा. रोल बऱ्याचदा ५३ सेंमी रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो, म्हणजे सुमारे ५.३ चौरस मीटर. भिंत ३.६ मीटर रुंद, २.७५ मीटर उंच धरा. क्षेत्रफळ ९.९ चौरस मीटर, ५.३ ने भागलं की वाटतं दोन रोल पुरतील. पुरत नाहीत. हिशोब पट्ट्यांचा करायचा. ३६० भागिले ५३, म्हणजे ७ पट्ट्या. उंची २७५, वर-खाली छाटायला पाच-पाच सेंमी, झाले २८५. डिझाइन दर ६४ सेंमीनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पट्टी ६४ च्या पटीत, म्हणजे ३२० सेंमी लागते. एका रोलमधून तीन पट्ट्या निघतात, म्हणून रोल तीन. हीच भिंत ३.१५ मीटर उंच असती, तर पट्टी ३८४ सेंमीची झाली असती, रोलमधून दोनच निघाल्या असत्या आणि रोल लागले असते चार.

लेबलवर बाणांची खूण असते. बाणांची टोकं समोरासमोर असली तर शेजारच्या पट्ट्या सरळ जुळतात. वरखाली असली तर एकाआड एक पट्टी सरकवावी लागते, तेव्हा दोन रोल उघडून आलटून-पालटून कापले की नासाडी कमी होते. बाणासोबत शून्य असेल तर जुळवणी नाहीच. नवख्याने तोच घ्यावा, असं माझं मत. बॅच नंबर सगळ्या रोलवर एकच हवा. छटेतला फरक हातात घेऊन कळत नाही, भिंतीवर शेजारी लावल्यावर कळतो.

पहिल्या पट्टीला कोपऱ्यावर विसंबू नका, कोपरे क्वचितच ओळंब्यात (दोरीला वजन टांगून मिळणाऱ्या सरळ उभ्या रेषेत) असतात. कोपऱ्यापासून ५१ सेंमीवर ओळंबा सोडून पेन्सिलने रेघ मारायची. उरलेले दोन सेंमी कोपऱ्यात वळतात. पेन वापरायचं नाही, शाई पेपरातून वर येते. शेजारची भिंतही करायची असेल, तर तिथे पुन्हा नवा ओळंबा.

नॉन-वोव्हन (न विणता तंतू दाबून केलेल्या) पेपरला खळ भिंतीवर लावतात, पट्टीपेक्षा थोड्या जास्त रुंदीत. साध्या कागदी पेपरला ती मागून लावून, दोन्ही टोकं मधे दुमडून, लेबलवर सांगितलेला वेळ थांबायचं, बहुधा पाच ते दहा मिनिटं. ओला कागद रुंदीला फुगतो. एक पट्टी चार मिनिटं आणि दुसरी बारा मिनिटं भिजली, तर दोघींची रुंदी वेगळी होते आणि डिझाइन खाली जाईपर्यंत सुटत जातं. खळ कालवताना थंड पाण्यात पावडर सोडायची, ढवळणं थांबवायचं नाही, नाहीतर गाठी होतात.

पट्टी वरून लावत यायची, मधून कडांकडे हवा काढायची. सांध्याला कड कडेला फक्त टेकवायची. ओढून जुळवलेला सांधा आत्ता छान दिसतो आणि वाळल्यावर उघडतो. उठावाच्या पेपरवर सांध्याचा रोलर दाबला तर तिथे सपाट पट्टा पडतो, तो जात नाही. पुढच्या बाजूला आलेली खळ लगेच ओल्या स्पंजने टिपायची. छाटताना पुट्टी लावायचा रुंद पत्रा कोपऱ्यात दाबून त्याच्या कडेने कटर चालवायचा आणि प्रत्येक पट्टीनंतर ब्लेडचं टोक मोडायचं. बोथट पातं ओला कागद कापत नाही, फाडतं.

स्विचबोर्डापाशी आधी मेन बंद. प्लेट सैल करून पेपर वरून सरळ लावायचा, बोर्डावर तिरक्या दोन छेदांची फुली मारायची, आणि छाटताना प्लेटखाली पाच मिलिमीटर राहतील एवढं ठेवायचं. धातूच्या पन्नीचा पेपर मात्र प्लेटखाली घालायचा नाही, त्यातून वीज वाहते.

काम संपलं की कोणीतरी हमखास पंखा लावायला उठतं. पंखा, एसी, खिडक्या सगळं बंद. वारा लागला की कडा मधल्या भागाच्या आधी वाळतात आणि सांधे फाकतात. त्या रात्री दिसणारे बारीक फुगे सकाळपर्यंत बहुतेक बसतात. उरलेल्यांना धारदार पात्याने छोटी चीर द्यायची, इंजेक्शनच्या सिरिंजने थोडी खळ आत सोडायची आणि ओल्या स्पंजने दाबायचं. सुटलेल्या सांध्याला तीच खळ बारीक ब्रशने.