स्टोव्हालचं शेत ते शिकागो : मडी वॉटर्सच्या वाटेने

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं संगीत, ऐकणारी आपली मंडळी अमेरिकेत गेली की बहुतेक वेळा शिकागोला उतरतात, एखाद्या क्लबात रात्रभर गाणं ऐकतात आणि हातात दिवस उरलेच तर मिसिसिपीकडे वळतात. माझं आग्रहाने सांगणं आहे की हे उलटं करा. आधी शेत, मग शहर. ब्लूजचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स ज्या क्रमाने जगला त्याच क्रमाने गेलात, तर त्याच्या इलेक्ट्रिक गिटारला एवढा जोर कुठून आला ते कानांना आपोआप कळतं. आम्ही दोघं ऑक्टोबरात असे गेलो. जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मेम्फिसहून करा. विमानतळावर भाड्याची गाडी घ्या, कारण पुढे डेल्टात, म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या सपाट कापूसपट्ट्यात, सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर राहून काही बघता येत नाही. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. हायवे ६१ ने क्लार्क्सडेल साधारण सव्वाशे किलोमीटर, दीड तासाचं अंतर. मेम्फिस मागे पडलं की थोड्याच वेळात जमीन सपाट होते आणि तशीच राहते. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली, नजर जाईल तिथवर पांढरं.

माझं लहानपण विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यात गेलं. वेचणीच्या दिवसांत शेत म्हणजे माणसं, ओटीला बांधलेली फडकी, कडेला झोळीत झोपवलेलं मूल. इथे मैलोन् मैल शेतात माणूस दिसला नाही. एक अजस्र यंत्र चालत होतं आणि त्याने मागे सोडलेले पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे पडले होते. हे रितेपण या गोष्टीचा गाभा आहे. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर १९४४ मध्ये पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं पीक यंत्रांनी काढून दाखवलं गेलं. अर्धेलीने जमीन कसणाऱ्या, सावकारी हिशोबात पिढ्यान् पिढ्या अडकलेल्या काळ्या कुटुंबांची मळेवाल्यांना गरज उरली नाही. त्याआधीपासूनच माणसं उत्तरेच्या कारखान्यांकडे निघालेली होती. मडी त्यांच्यातलाच एक.

त्याचं खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. तो स्वतः जन्मसाल १९१५ आणि गाव रोलिंग फोर्क सांगायचा. अभ्यासकांनी कागदपत्रं धुंडाळून १९१३ आणि शेजारची इसाक्वीना काउंटी असं ठरवलं आहे. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. चिखलात खेळतो म्हणून ‘मडी’ हे नाव तिनेच ठेवलं. आजी त्याला घेऊन क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हाल मळ्यावर आली आणि तिशीपर्यंत तो तिथेच राहिला.

क्लार्क्सडेलमध्ये पहिला थांबा डेल्टा ब्लूज म्युझियम. १९१८ मध्ये बांधलेल्या रेल्वेच्या मालधक्क्याच्या इमारतीत ते आहे. रविवारी बंद असतं, त्यामुळे शनिवारी रात्री पोहोचून रविवारी बघू असा बेत करू नका. मडीच्या झोपडीचे मूळ ओंडके इथे उभे केले आहेत. वादळात छप्पर उडालेली ती झोपडी शेतातून हलवून, देशभर फिरवून शेवटी इथे आणली. ओंडके सायप्रसचे, हाताने तासलेले. जवळ गेलात की तासणीच्या खुणा आणि मधल्या फटी दिसतात. हिवाळ्यात यातून वारा कसा शिरत असेल हा विचार मनातून जात नाही. म्युझियमला निदान दोन तास द्या.

झोपडी जिथे होती ती जागा गावाबाहेर बारा-तेरा किलोमीटरवर, स्टोव्हालच्या रस्त्याला. तिथे बघण्यासारखं म्हटलं तर काहीच नाही : मिसिसिपी ब्लूज ट्रेलची निळी पाटी, थोडं गवत आणि मागे शेत. गाडी रस्त्यापासून बाजूला लावा, शेतात शिरू नका, जमीन खाजगी आहे. पाऊस झाला असेल तर कडेच्या मातीत चाक घालू नका; आपल्या काळ्या मातीसारखीच चिकट आहे.

आता मुख्य सल्ला. क्लार्क्सडेलहून निघण्याआधी मडीच्या दोन ध्वनिमुद्रिका फोनवर उतरवून घ्या. ऑगस्ट १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करत इथे आले. मडीला आधी वाटलं की हा गोरा माणूस दारूचा धंदा पकडायला आलेला सरकारी माणूस, कारण मडी चोरून दारू विकायचा. मग त्याच्याच घरी यंत्र मांडलं गेलं. ‘आय बीज ट्रबल्ड’ हे गाणं त्या वेळचं. एकटा आवाज, एक साधी गिटार, बोटात काचेची नळी. पाटीजवळ उभं राहून हे गाणं ऐका. आजूबाजूला एवढी शांतता आहे की गिटार मोठ्याने वाजवायची गरजच नव्हती हे तिथे पटतं. लोमॅक्सने नंतर तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा चेक पाठवला. मडीने ती तबकडी कोपऱ्यावरच्या ज्यूकबॉक्सवर लावून पुन्हा पुन्हा ऐकली. आपला आवाज विकत मिळणाऱ्या रेकॉर्डसारखा वाजतो, आपल्यालाही हे जमेल, असं वाटल्याचं त्याने पुढे अनेकदा सांगितलं.

दुसरी ध्वनिमुद्रिका शिकागोसाठी राखून ठेवा.

रात्री क्लार्क्सडेलमध्ये ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे गाणं-बजावणं चालणाऱ्या साध्या गुत्त्यात, गाणं ऐकायला जा. सुट्टे डॉलर जवळ ठेवा, दाराशी बरेचदा रोख घेतात आणि वादकांसमोर टिपांसाठी बादली असते. तीत मोकळ्या हाताने टाका. डेल्टा हा अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक आहे. बाजारपेठेत बंद दुकानं रांगेने दिसतात आणि जगभरचे पाहुणे येऊनही इथल्या वादकांच्या हातात फार थोडं पडतं. सीडी घ्यायची तर वाजवणाऱ्याच्या हातून घ्या. मुक्कामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : जुन्या कुळांच्या खोपट्यांत एसी बसवून ती पर्यटकांना भाड्याने देतात, तिथे राहायला माझं मन धजलं नाही. आम्ही गावात साध्या खोलीत राहिलो.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावं. इथली खासियत म्हणजे हॉट टमाले, मक्याच्या पिठात तिखट मांस भरून मक्याच्या पानात उकडलेलं. पालेभाजीतही डुकराचं मांस घालून शिजवायची पद्धत आहे, तेव्हा ‘भाजी’ ऐकून निर्धास्त होऊ नका, विचारा. आम्ही मेम्फिसहून फळं, दाणे आणि ब्रेड भरून नेलं होतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर डासांचं मलम विसरू नका. उकाडाही असह्य असतो.

मडी मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. ताशी २२.५ सेंट मिळत, त्याने २५ मागितले आणि मुकादमाने झिडकारलं. मे १९४३ मध्ये त्याने क्लार्क्सडेलहून शिकागोची गाडी पकडली. आज क्लार्क्सडेलला प्रवासी रेल्वे नाही. पण मेम्फिसला गाडी परत करून तुम्ही ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ने शिकागोला जाऊ शकता : रात्री साडेदहा-अकराला निघायचं, सकाळी नवाच्या सुमारास पोहोचायचं. विमानापेक्षा हेच करा. मालगाड्यांना वाट देण्यात उशीर होतो, म्हणून त्या सकाळी दुसरं काही ठरवू नका. सीट भरपूर मोठ्या आहेत, आत थंडी मात्र वाजते. शाल हाताशी ठेवा.

शिकागोत तो कागदाच्या कारखान्यात राबला, ट्रक चालवला आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत वाजवू लागला. तिथल्या कलकलाटात साधी गिटार कुणाला ऐकू येणार? म्हणून इलेक्ट्रिक. १९४८ मध्ये अॅरिस्टोक्रॅट कंपनीसाठी त्याने तेच शेतावरचं गाणं ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ या नावाने पुन्हा गायलं. पहिली खेप बघता बघता संपली. दुकानदार एका गिऱ्हाइकाला जास्त प्रती देईनात, खुद्द मडीलाही नाहीत. ही तुमची दुसरी ध्वनिमुद्रिका. स्टेशनाबाहेर पडून गाड्यांच्या आवाजात ती ऐका. चाल तीच आहे, पण तार आता शहराशी झुंजते आहे.

पोलंडहून आलेल्या चेस बंधूंनी १९५० मध्ये त्या कंपनीला आपलं नाव दिलं. त्यांचा २१२०, साउथ मिशिगन अॅव्हेन्यूवरचा स्टुडिओ आज विली डिक्सनने स्थापलेल्या ब्लूज हेवन फाउंडेशनकडे आहे. डिक्सन म्हणजे १९५४ चं ‘हूची कूची मॅन’ मडीला लिहून देणारा. ग्रीन लाइनच्या सर्मॅक-मॅकॉर्मिक प्लेस स्टेशनवर उतरून चालत जाता येतं; वेळा आधी बघून जा, ठरावीक दिवशीच उघडं असतं. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा : या गाण्यांवर इंग्लंडमधली पोरं मोठी झाली, रोलिंग स्टोन्सने तर नावच मडीच्या १९५० च्या रेकॉर्डवरून घेतलं आणि १९६४ मध्ये इथे येऊन ध्वनिमुद्रणही केलं. आणि मडी व डिक्सन यांना १९७६ मध्ये स्वतःच्याच गाण्यांच्या मानधनासाठी प्रकाशन कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

त्याचं घर ४३३९, साउथ लेक पार्क अॅव्हेन्यूवर. विटांचं, दुमजली, तळघरात तालमी चालत. त्याच्या बँडमधल्या लिटल वॉल्टर, ओटिस स्पॅन यांची तिथे ये-जा. २०२१ मध्ये शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. आम्ही बाहेरूनच बघितलं. आजूबाजूला लोक राहतात, दिवसा जा आणि कुणाच्या दारात रेंगाळू नका. ३० एप्रिल १९८३ ला तो वेस्टमाँट उपनगरात गेला. त्याची समाधी अल्सिपच्या रेस्टव्हेल दफनभूमीत आहे, तिथे गाडीशिवाय जाणं अवघड. एवढ्या मोठ्या गायकाचा दगड अगदी साधा आहे आणि त्यावर जन्मसाल १९१५ च कोरलेलं आहे. सहज सापडत नाही. कार्यालयात विचारलं की जागा सांगतात.

संध्याकाळी ब्लूज गिटारवादक बडी गाय याच्या ‘लेजंड्स’ क्लबात जागा मिळते का बघा. २०११ मध्ये मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा त्याला मुंबईत ऐकलेले अनेक जण हे वाचत असतील. १९५७ मध्ये उपाशीपोटी शिकागोला आलेल्या त्या पोराला मडीने गाडीत बसवून सँडविच खायला घातलं होतं, हे बडी आजही सांगतो. जूनमध्ये जाणार असाल तर मिलेनियम पार्कमधला शिकागो ब्लूज फेस्टिव्हल फुकट आहे. मात्र हॉटेल खूप आधी घ्या, त्या आठवड्यात भाडी चढतात.