आधी फोटो, मग मार्कर: घटनास्थळाची नोंद कशी होते

घटनास्थळाचा तपास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पावडर, ब्रश आणि निळा दिवा येतो. प्रत्यक्षात तिथला बहुतेक वेळ फोटो काढण्यात, मोजण्यात आणि लिहिण्यात जातो. आणि या तिन्हींपेक्षाही महत्त्वाचा असतो तो क्रम. तिथे केलेली प्रत्येक हालचाल काही ना काही बिघडवतेच: दार उघडलं की हलकी राख उडते, पाऊल टाकलं की फरशीवरच्या धुळीतला आधीचा ठसा गेला. म्हणून सगळ्यात आधी नाहीसं होणार ते सगळ्यात आधी नोंदवायचं. उघड्यावरचा ठसा पावसाआधी. दिवे चालू होते की बंद, खिडकीची कडी लागलेली होती की नाही, हे कुणी हात लावण्याआधी. खोलीतला गॅसचा किंवा पेट्रोलचा वास दारं-खिडक्या उघडण्याआधी. वासाचा फोटो निघत नाही, म्हणून नेमका तोच लिहायचा राहतो.

आधी येऊन गेलेल्यांनी काय हलवलं हेही तेव्हाच विचारून घ्यावं. जखमीला वाचवायला आलेल्या डॉक्टरांनी टेबल सरकवलं, शर्ट कापला, तर ते योग्यच केलं, जीव आधी. फक्त ते नोंदीत नसेल तर महिन्याभराने त्या कापलेल्या शर्टावरून भलताच तर्क निघतो. दारावर एक माणूस वही घेऊन उभा हवा: नाव, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, कारण. 'नुसतं डोकावून जातो' म्हणणारे वरिष्ठही त्या वहीत आलेच पाहिजेत. किंबहुना वहीत नाव लिहावं लागतं म्हटल्यावर अर्धे जण बाहेरच थांबतात, हा तिचा दुसरा फायदा.

फोटो तीन अंतरांवरून काढतात. आधी संपूर्ण खोली: चारही कोपऱ्यांतून, डोळ्यांच्या उंचीवरून, प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा थोडा भाग येईल असे. मग मध्यम अंतर: वस्तू आणि तिच्याजवळची एखादी न हलणारी खूण, म्हणजे दाराची चौकट किंवा भिंतीचा कोपरा, एकाच फोटोत. शेवटी जवळून, वस्तू फोटोभर. क्रमांकाचे मार्कर, म्हणजे वस्तूशेजारी मांडायच्या आकड्यांच्या पाट्या, ठेवण्याआधी हे सगळं एकदा जसंच्या तसं काढून घ्यायचं, मग मार्करसह पुन्हा. जवळचा फोटोही आधी मोजपट्टीशिवाय आणि मग मोजपट्टीसह, नाहीतर 'पट्टीखाली काय झाकलंत?' हा प्रश्न न्यायालयात हमखास येतो.

चुकतो तो बहुधा मधला टप्पा. रक्ताच्या थेंबाचा फोटो सुरेख आलेला असतो, पण तो कुठल्या भिंतीवरचा, किती उंचीवरचा, हे कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्यावर माजी पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप होता; लॉस एंजेलिसमधल्या त्या खटल्यात हा मुद्दा किती महागात पडतो ते दिसलं. खून १२ जून १९९४ च्या रात्रीचे, आणि तिच्या घराच्या मागच्या फाटकावरच्या रक्ताचा नमुना घेतला गेला ३ जुलैला. रक्त नंतर लावलं गेलं असं सुचवत बचाव पक्षाने १३ जूनचा फाटकाचा फोटो पडद्यावर लावला आणि डाग कुठे आहे ते दाखवा म्हणून नमुने गोळा करणाऱ्या तज्ज्ञाला विचारलं. पहिल्याच दिवशी त्या डागाचा एक फोटो मध्यम अंतरावरून आणि एक जवळून, पट्टीसह घेतलेला असता तर या प्रश्नाला जागाच उरली नसती.

आता मोजपट्टी. इंग्रजी एल अक्षरासारखी, तीन वर्तुळं छापलेली पट्टी सगळीकडे वापरतात. वर्तुळं शोभेसाठी नाहीत. फोटोत ती लंबगोल दिसली की कॅमेरा तिरका होता हे लगेच कळतं. पट्टी कुठल्या पातळीवर आहे याकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. चिखलात २ सेंटिमीटर खोल उमटलेला बुटाचा ठसा घ्या. कॅमेरा ठशाच्या तळापासून बरोबर १ मीटर उंच आहे आणि पट्टी शेजारी चिखलाच्या पृष्ठभागावर ठेवली आहे. पट्टी कॅमेऱ्याला २ सेंटिमीटर जवळ असल्याने फोटोत प्रमाणाबाहेर मोठी दिसते, आणि तिच्यावरून मोजला तर ३० सेंटिमीटरचा ठसा २९.४ भरतो. सहा मिलिमीटर! युरोपीय मापात हा बुटाचा जवळजवळ एक नंबर झाला. उपाय सोपा आहे: ठशाच्या शेजारी, त्याला धक्का न लावता, छोटा चर खणून पट्टी तळाच्या पातळीवर बसवायची. फोकससुद्धा तळावर, काठावर नाही आणि पट्टीवरही नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर, ठशाला अगदी समांतर. अॅपर्चर, म्हणजे भिंगातून उजेड आत येण्याचं छिद्र, एफ ८ ते एफ ११ च्या आसपास. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवून उडवला तर ठसा सपाट दिसतो, कारण समोरून आलेल्या उजेडात सावलीच पडत नाही. फ्लॅश काढून हातात घ्यायचा, सव्वा ते दीड मीटर लांबून, जमिनीशी लहान कोन ठेवून, निदान तीन दिशांनी एकेक फोटो. एका दिशेला टाचेवरची झीज उठून दिसते, दुसऱ्या दिशेला तळव्यातला काप. आजूबाजूचा इतर उजेड छत्रीने किंवा पुठ्ठ्याने अडवायचा. ठशावर पडलेलं सुटं पान फोटो काढून मग उचलता येतं. बुटाखाली दबून मातीत रुतलेलं पान उचलायचं नाही, ते ठशाचाच भाग आहे.

साचा फोटोनंतर. त्यासाठी डेंटल स्टोन, म्हणजे दातांचे साचे करायला वापरतात ती कडक होणारी पावडर, वापरतात. प्लास्टर ऑफ पॅरिस मऊ असतं आणि साफ करताना त्याचे बारीक तपशील झिजतात. एका बुटाच्या ठशाला साधारण ९०० ग्रॅम पावडर आणि ३०० मिलिलिटर पाणी. प्लास्टिकच्या पिशवीत तीन ते पाच मिनिटं चांगलं मळायचं, गुठळी राहता कामा नये. ओतायचं ते ठशाच्या शेजारी, म्हणजे मिश्रण आपोआप आत वाहत जातं. थेट ठशात ओतलं की धारेनेच माती उकरली जाते. घट्ट होत आलं की पाठीवर काडीने क्रमांक, तारीख आणि उत्तर दिशा कोरायची. अर्ध्या तासाने उचलायचा, थंडीत आणखी थांबायचं, आणि लागलेली माती निदान दोन दिवस वाळल्याशिवाय धुवायची नाही. घाई इथेच नडते.

नकाशा हाताने काढलेला चालतो, वेडावाकडाही चालतो. मापं मात्र न हलणाऱ्या बिंदूंपासून हवीत. 'सोफ्यापासून ८० सेंटिमीटर' हे माप सोफा हलला की संपलं. खोलीत दोन भिंतींपासूनची काटकोनातली अंतरं पुरतात. मोकळ्या जागेत दोन पक्के बिंदू धरून, दोन्हींपासून वस्तूचं अंतर मोजून त्रिकोण करतात. ते दोन बिंदू एकमेकांच्या फार जवळ असतील तर त्रिकोण निमुळता होतो आणि टेपला जरा झोळ पडला तरी वस्तूची जागा नकाशावर भलतीकडेच सरकते. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहून मोठ्याने परत वाचायचं. चुकलेलं माप खोडरबराने पुसायचं नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर माप आणि सही. पक्का नकाशा झाला तरी कच्चा कागद फाडायचा नाही, मूळ नोंद तीच.

लेझर स्कॅनरने, म्हणजे लेझर किरणांनी खोलीतले असंख्य बिंदू मोजणाऱ्या यंत्राने, हे सगळं सुटलं असं समजणारे भेटतात. खोलीचा आकार तो उत्तम टिपतो, पण आरसा, काच आणि ओली फरशी यांवरून खोटे बिंदू उमटतात, आणि पलंगाखाली त्याला दिसत नाही.

नोंदवहीत 'काय नव्हतं' हेही लिहावं. खिडकीच्या कठड्यावरची धूळ अखंड होती, कडीवर ओरखडा नव्हता. ही वाक्यं पुढे साक्षीत कामाला येतात, आणि ती नंतर आठवून लिहिता येत नाहीत. बिघडलेला, हललेला फोटोसुद्धा डिलीट करायचा नाही. फाइलच्या क्रमांकात पडलेली फट शंभर शंका उभ्या करते. मूळ फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीत जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, त्याच दिवशी काढून ठेवायचा, आणि उजेड-गडदपणाचे बदल फक्त प्रतीवर करायचे.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. रक्ताळलेला ओला कपडा वाळवून कागदी पिशवीत, घड्यांच्या मध्ये कोरा कागद. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. आगीच्या ठिकाणचा पेट्रोलचा संशय असलेला कचरा याच्या उलट, हवाबंद पत्र्याच्या डब्यात, वर थोडी जागा मोकळी सोडून, कारण प्रयोगशाळा त्या जागेतली वाफच तपासते. वाळलेल्या डागासाठी आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेला स्वॅब (नमुना टिपायचा काडीवरचा कापूस), मग त्याच जागी कोरडा. शेजारच्या स्वच्छ भागाचा एक वेगळा स्वॅब तुलनेसाठी. सही सीलवरून अशी की अर्धी सीलवर, अर्धी पाकिटावर.

ताबा सोडण्याआधी यादी हातात घेऊन आलेल्या वाटेने उलट फिरायचं: प्रत्येक मार्करसमोर फोटो, माप आणि पाकीट, तिन्ही आहेत का. दारामागे, पंख्याच्या पात्यांवर आणि पडद्यांच्या घड्यांत पुन्हा बघायचं. आपले हातमोजे, टेपचे तुकडे, स्वॅबची वेष्टनं मोजून उचलायची आणि रिकाम्या खोलीचे कोपऱ्यांतून चार फोटो घ्यायचे. दाराला कुलूप लावल्याची वेळ आणि किल्ली कुणाकडे दिली त्याचं नाव दारावरच्या वहीत शेवटच्या ओळीला येतं.