उजवा कान

सोमवारी आमच्याकडे बाजार, त्यामुळे दवाखान्यात गर्दी ठरलेलीच. अकराच्या सुमारास एक आजोबा आत आले. एप्रिलच्या उन्हात डोक्याला मफलर. सोबत विशीतली नात, मान खाली घातलेली.

मफलर सुटला. उजवा कान लालबुंद, टम्म फुगलेला, वळ्या-खोबणी बुजून गेलेल्या. हात लावू देईनात. खालची पाळी मात्र नेहमीसारखी मऊ, आणि ती तशी दिसली म्हणूनच माझ्या पोटात गोळा आला. पाळीत कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा लवचिक सांगाडा, नसते. सूज पाळी सोडून बाकी कानभर असेल, तर संसर्ग कूर्चेच्या आवरणापर्यंत पोचला असं धरून चालावं लागतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, या आवरणातून मिळेल त्यावरच ती जगते. मध्ये पू साठला की ती मरते आणि कान कायमचा चुरगळतो. पैलवानांचे कान पाहिले असतील तुम्ही. तिथे रक्त साठतं, इथे पू.

“काय केलंत कानाला?”

आजोबा गप्प. नातच रडवेली होऊन म्हणाली, “कानात काळं काळं दिसायचं. दादाच्या लग्नाआधी साफ करू म्हटलं. मोबाइलवर बघून आकड्यानं काढलं.”

आकडा म्हणजे केसांत लावायचा. डोक्यातला काढला तो थेट कानात.

“मळ नव्हता डॉक्टर,” आजोबा एकदम म्हणाले. “मी रोज आंघोळ करतो.”

कान ठणकत होता, पण माणूस खरा दुखावला होता तो या एका शब्दानं. आणि त्यांचंच बरोबर होतं. कानाच्या वाटीत तेलग्रंथी भरपूर असतात. तेल आणि मेलेली त्वचा मिळून छिद्रात बूच बसतं, आणि त्याच्या उघड्या तोंडातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, हवा लागून काळं पडतं. तोच ब्लॅकहेड. घासून जात नाही, कारण तो मळ नसतोच.

डावा कान पाहिला तर जवळजवळ साफ. उजव्या डोळ्याच्या कडेला मात्र जाड सुरकुत्या आणि त्यात तसेच काळे ठिपके.

“नोकरी काय होती?”

“एसटीत ड्रायव्हर. एकतीस वर्षं.”

एकतीस वर्षं उजवी खिडकी. काचेआडून, काच खाली असली की थेट, ऊन त्याच बाजूला. वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्वचेचा ताण जातो, छिद्रं सैल होऊन भरत राहतात. नातीला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

त्याच दिवशी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्तातली साखरही तपासून घेतली. पू झाला नव्हता, गोळ्यांवर निभावलं. लग्नाच्या फोटोत आजोबा डाव्या बाजूनं उभे राहिले म्हणे.

सूज पूर्ण उतरल्यावरच घरचा उपाय दिला, आणि तो नातीच्याच हाती. दोन टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश ओल्या फडक्यावर घ्यायचा, फडकं बोटाला गुंडाळून फक्त बाहेरच्या वाटीत फिरवायचं, मग स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसून कान कोरडा करायचा. बोट शिरत नाही तिथे काहीच घालायचं नाही, काडीसुद्धा नाही. रात्री छिद्रं मोकळी ठेवणारं अ‍ॅडापॅलिनचं जेल, अगदी पातळ थर. त्वचा सोलली तर एक दिवस आड. आठ-दहा आठवडे धीर धरायचा. इथेच बहुतेकांचा हात शिवशिवतो. डोक्याला चोपडलेलं खोबरेल कानावर उतरू द्यायचं नाही. बाहेर पडताना कानालाही सनस्क्रीन. यावर आजोबा हसले, “या वयात क्रीम!” पण लावत होते.

जूनमध्ये ते पुन्हा आले. वाटी बरीच निवळली होती. दारात आणखी दोघं उभे, डेपोतले जुने सोबती.

“यांचेही बघा,” आजोबा म्हणाले.

दोघांनी टोप्या काढल्या आणि न सांगताच उजवे कान माझ्याकडे केले.