मुंबई ते लेह बुलेटवर: सगळं पार पडलं, पार्सल ऑफिस सोडून

"मालकाची सही ओरिजिनल पाहिजे. मोबाइलवरची चालणार नाही." रेल्वेच्या पार्सल ऑफिसच्या खिडकीवर हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं. वर्ष होत आलं, अजून डोक्यातून जात नाही.

बुलेट चालवतो मी, हप्ते भरले मी, पण कर्ज बाबांच्या नावावर काढलं होतं म्हणून आरसीवर नाव त्यांचं. जून महिना, बाबा चिपळूणजवळ गावी पेरणीला गेलेले. मी बुधवारी सकाळी आरसीची झेरॉक्स, माझं आधार आणि गाडी घेऊन टर्मिनसवर हजर. शनिवारी माझं आणि मित्राचं चंडीगढचं तिकीट होतं. त्याच्या आत गाडी रेल्वेने चंडीगढला रवाना करायची आणि तिथून पुढे लेहपर्यंत चालवायची. त्या दिवशी रवाना करायची, एवढंच काम.

आधी पॅकिंग. गेटबाहेरच पॅकिंगवाले बसतात. आमच्या दादांनी आरसे काढायला लावले, टाकीवर पुठ्ठा, त्यावर गोणपाट, आणि दाभण-सुतळीने असं शिवलं की हँडलसुद्धा हलेना. टाकीत पेट्रोलचा थेंब ठेवायचा नाही, सापडलं तर दंड होतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना खाली कॉक असायचा, फिरवला की टाकी रिकामी. माझी फ्युएल इंजेक्शनवाली, त्यामुळे नळी घालून ओढावं लागलं आणि यातच पाऊण तास गेला. तुम्ही आदल्या दिवसापासूनच टाकी रिकामी करत आणा, टर्मिनसपर्यंत पोचण्यापुरतंच ठेवा.

एवढं करून खिडकीवर गेलो तर साहेबांनी आरसी पाहिली आणि कागद परत सरकवले. मालकाचं संमतीपत्र आणि त्यांच्या सहीची आधारची झेरॉक्स आणा. हे बाहेर कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. दोन दिवस आधी मी याच खिडकीवर विचारलं होतं, "काय काय लागेल?" तेव्हा उत्तर मिळालं होतं, "आरसी, आधार, बस." नियमाबद्दल माझी तक्रार नाही. चोरीची गाडी कोणी रेल्वेत घालू नये म्हणून कागद बघायलाच हवेत. पण विचारायला आलेल्या माणसाला पूर्ण सांगा ना! शिवलेली गाडी तिथेच शेडखाली ठेवून मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, मग आधी नाही सांगायचं? आता शेतातून वर येतो, लिहितो." लिहिलं त्यांनी लगेच, पण कागद मुंबईत यायचा कसा? शेजारच्या काकू गुरुवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघणार होत्या. शुक्रवारी सकाळी दादरला जाऊन त्यांच्या हातून पाकीट घेतलं आणि तसाच टर्मिनस गाठला.

तर ट्रेनमध्ये जागा नाही. याचं कारण मला तिथल्या एका हमालाने समजावलं, खिडकीवर कोणी सांगितलं नाही. सामानाच्या डब्याला एसएलआर म्हणतात. त्यातला बराच भाग खासगी कंत्राटदारांना लीजवर दिलेला असतो. उरलेल्या जागेत बाकीचं पार्सल, म्हणजे जागा असेल तेव्हा जाणार. आपलं तिकीट दाखवून गाडी लगेज म्हणून आपल्याच ट्रेनला लावता येते, भाडं जास्त पडतं. पैसे वाचवायला मी पार्सल केलं होतं. तुम्ही तसं करू नका. मध्येच पाऊस आला आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं नाव-स्टेशन पार विरघळलं. परत ऑइलपेंटने लिहून घेतलं.

आम्ही रविवारी चंडीगढला, बुलेट मंगळवारी. दोन दिवस नुसते उन्हात भाजलो. पार्सल सोडवायला मूळ पावती लागते, ती मित्राच्या बॅगेत होती, नशीब.

खरा राग पुढचा आहे. सुट्टी तेवढीच होती, म्हणून गेलेले दोन दिवस मी मनाली-लेह रस्त्यावरच्या जिस्पाच्या मुक्कामातून कापले. जिस्पा साधारण 3200 मीटरवर आहे, तिथे दोन रात्री राहून शरीराला उंचीची सवय करायची असं ठरलं होतं. त्याऐवजी मनालीहून थेट त्याच्या पुढचं सरचू. अटल बोगद्याने रोहतांगची खिंड टळते, 9 किलोमीटर सरळ आत, परमिटही लागत नाही, त्यामुळे हे अंतर एका दिवसात सहज होतं आणि तिथेच फसायला होतं. सरचू 4290 मीटरवर. रात्री तंबूत मित्राचं डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. अशा वेळी खाली उतरायचं असतं, पण सरचूच्या एका बाजूला बारालाचा ला ही उंच खिंड, दुसऱ्या बाजूला गाटा लूप्सची 21 वळणं. खाली जायला आधी वर चढावं लागतं. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. पहाटे त्याला एका टॅक्सीत बसवलं आणि मी मागून बुलेटवर. जिस्पाला उतरल्यावर दुपारपर्यंत तो चहा मागायला लागला. तिथे दोन रात्री राहिलोच शेवटी. दिवस कुठेही गेले तरी मुक्कामाचे दिवस कापू नका. त्यापेक्षा लेहमधलं फिरणं कापा.

पुढचा रस्ता मजेत गेला. नाले सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. मोरे प्लेन्सच्या पठारावर गाडी सरळ रेषेत सोडली तेव्हा मित्र मागून ओरडत होता, आनंदाने. टांगलांग ला 5328 मीटर, तिथे मात्र पाच मिनिटांत फोटो काढून उतरलो.

हो, पेट्रोल राहिलं. मनालीहून जाताना जिस्पाच्या आधी लागणाऱ्या टांडीच्या पंपावर टाकी गच्च भरा, पुढचा पंप 365 किलोमीटरवर अशी पाटीच आहे. पाच लिटरचा कॅन बरोबर ठेवा. आणि सिम पोस्टपेड घ्या, बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

परत श्रीनगरमार्गे जम्मूला आलो आणि तिथून बुलेट मुंबईला लावली. खिडकीवरच्या माणसाने आरसी पाहून मान वर केली. त्याने तोंड उघडायच्या आत मी बाबांचं मूळ पत्र पुढे केलं. निघताना पत्राच्या चार झेरॉक्सही काढून ठेवल्या होत्या. घडीवर चिपळूणच्या लाल मातीचा अंगठा उमटला होता, तो झेरॉक्समध्येही आला होता.