निफाडच्या थंडीत बाळ्या आणि ठमीला फिरवताना

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाळ्या आणि ठमीला घेऊन मामांच्या मळ्यात सहा दिवस राहून आले. दोघं माझी गावठी कुत्री, सख्खे भाऊबहीण, एकाच वेताची, आता अडीच वर्षांची. नाशिकला आमचा फेरा पहाटे साडेपाचला असतो. निफाडलाही तीच वेळ ठेवू असं ठरवून गेले होते. पहिल्या पहाटे दाराची कडी वाजली आणि मामा गोधडीतूनच ओरडले, "उजाडू दे गं! त्याला आयतं खाणं घेऊन निघालीस का?"

तो म्हणजे बिबट्या. या तालुक्यात बिबट्या जंगलातून येत नाही, उसातच राहतो. मादी फडातच विते, पिल्लंही तिथेच वाढतात. डिसेंबरात ऊसतोड चालू असते. एक फड मोकळा झाला की तो बांधाबांधाने दुसऱ्यात सरकतो, आणि अंधारात कुत्रं हे त्याचं सगळ्यात सोपं भक्ष्य. त्यामुळे इथे फिरण्याची वेळ थंडीवर ठरत नाही, उजेडावर ठरते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आम्ही साडेसातला निघायचो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत घरात. उभ्या उसाला लागून जाणारी पायवाट दिवसाही टाळा, मोकळ्या गव्हा-कांद्याच्या बाजूने चाला, आणि फोनवर गाणी लावायला लाजू नका. बिबट्या किंवा त्याचे ताजे ठसे दिसले तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे.

थंडीचं म्हणाल तर ती खरीच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पहाटेचा आकडा सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो. 2018च्या डिसेंबरात तो 2 अंशांच्याही खाली गेला होता. आमच्या नशिबी सात-आठ अंश आले. गावठी कुत्र्यांच्या अंगावर केस तोकडे, त्यामुळे बाळ्या पहिले दोन दिवस शेकोटीजवळून हलेना. स्वेटरपेक्षा पोट कोरडं ठेवणं महत्त्वाचं, हे तिसऱ्या दिवशी कळलं. गव्हातून एक चक्कर मारली की दवाने दोघं पोटापर्यंत भिजायची. जुना टॉवेल बरोबर ठेवा. पुसताना पंजे आणि कानही बघा, सराटे आणि कुसळं तिथेच अडकतात.

आता माझी चूक. द्राक्षाच्या बागांमध्ये त्या आठवड्यात घडांना कागद लावणं चाललं होतं. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडायला लागायच्या आधी रद्दीचा पेपर गुंडाळला की थंडीने मणी गुलाबी पडत नाहीत. मांडवाखाली गार, ओलसर, औषधाचा वास. बायका हातभर उंचीवर भराभर पिना मारत होत्या आणि मी बघत उभी. तेवढ्यात ठमीने खाली पडलेला एक चुरगाळलेला पेपर पकडला. तिला वाटलं भाकरी असेल. आत तडे गेलेला, काढून टाकलेला घड होता. तोंडातून बाहेर काढेपर्यंत पाच-सहा मणी गेले होते.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नसतो. एखाद्याला थोडीही पुरतात. मामेभावाने लगेच गाडी काढली, डॉक्टरांनी ठमीला उलटी करवली आणि पुढे दोन वेळा रक्त तपासलं. ती वाचली. तिकडे बाळ्या दिवसभर फाटकाशी बसून रडत होता, त्याने दुपारची भाकरीसुद्धा हुंगली नाही. तेव्हा बागेत कुत्री नेऊच नका. फवारणीच्या ड्रमाजवळचं साचलेलं पाणीही पिऊ देऊ नका. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा, आणि जाण्याआधीच जवळच्या डॉक्टरांचा नंबर विचारून ठेवा.

दोघांना एका जोडपट्ट्यावर घेऊ नका. मी घेतलं, आणि मांडवाच्या अँगलच्या एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसरा, मधे मी. साधे सहा फुटी पट्टे दोन, आणि जमलं तर माणसंही दोन. एकाच वेताची कुत्री एकमेकांकडे बघून चालतात, तुमच्याकडे नाही. एकटा बाळ्या वस्तीवरचं कुत्रं दिसलं की शेपूट घालतो. ठमी बरोबर असली की दोघं मिळून गावगुंड. वस्ती आली की लांबूनच "ओ ताई, कुत्रं धरा" अशी हाक मारायची, कुत्रं बांधलं की मग पुढे. आम्ही रोज पंधरा मिनिटं दोघांना वेगवेगळ्या दिशांना नेलं. दोन दिवस आरडाओरडा झाला, तिसऱ्या दिवशी ठमीने पहिल्यांदा माझ्या हाकेला मान वळवली.

शेततळ्याजवळ पट्टा सोडायचाच नाही. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की आत गेलेलं कुत्रं पोहून काठाशी येतं, पण वर चढू शकत नाही.

नांदूरमध्यमेश्वर जवळच आहे. 2020मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ठिकाण. हिवाळ्यात पक्षी बघायला जरूर जा, पण कुत्र्यांना घरी ठेवून. आम्ही आळीपाळीने गेलो. मी परतले तेव्हा दोघं ओट्यावरच्या उन्हात एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपली होती आणि मामा त्यांना जाग येऊ नये म्हणून मागच्या दाराने ये-जा करत होते.